बीकेसीतला सायकल ट्रॅक काढून कोंडी सुटेल का?

प्रश्न असा आला आहे: "मी कुर्ल्याहून बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) सायकलने कामाला जातो. 2025 मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) बीकेसीतले सायकल ट्रॅक काढून त्या जागेत गाड्यांसाठी मार्गिका वाढवायचं ठरवलं, तेव्हापासून आमच्या ऑफिसात दोन तट पडलेत. एक म्हणतो, कोणी वापरतच नव्हतं, गेला तर बरंच झालं. दुसरा टोरांटोच्या कोर्टाचा दाखला देत 'ट्रॅक वाचवा' अर्जावर सह्या गोळा करतोय. मी स्वतः सायकलवाला, पण त्या ट्रॅकवरून कधी सायकल चालवली नाही. सही करावी का? आणि ट्रॅक काढल्याने कोंडी खरंच कमी होईल का?"

तुमच्या प्रश्नातलं 'मी स्वतः सायकलवाला, पण त्या ट्रॅकवरून कधी चालवली नाही' हे वाक्य दोन्ही तटांना वाचून दाखवा. सगळा वाद त्यातच आहे.

रस्त्यांची आणि चौकांची आखणी, वाहनमोजणी, सिग्नलच्या वेळा बसवणं हे काम मी मुंबई महानगरात बरीच वर्षं करतो आहे, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. तो ट्रॅक जसा होता तसा ठेवा, या मागणीवर मी सही करणार नाही. तो मुळात धड ट्रॅक नव्हताच. पण ती पट्टी मोटारींच्या घशात घालण्याचं समर्थन तर त्याहून करणार नाही. कारण ज्या कोंडीसाठी हे चाललंय, ती त्या पट्टीत अडकलेलीच नाही.

आधी 'कोणी वापरत नव्हतं' हे बघू. ही ओळ अहवालात कशी येते ते आम्ही लोक चांगलं जाणतो. वाहनमोजणी म्हणजे कडेला बसलेली दोन-तीन मुलं आणि हातात तक्ता, किंवा अलीकडे खांबावर कॅमेरा. तक्त्यात दर 15 मिनिटांची एक ओळ, आणि रकाने मोटार, टॅक्सी, रिक्षा, दुचाकी, बस, टेम्पो, ट्रक, सायकल, इतर असे. मोजणी बहुतेक वेळा गर्दीच्या तासांची, म्हणजे सकाळी आठ-नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ-नऊ. आता बीकेसीत सायकलवर कोण येतं ते आठवा. बारा तासांच्या पाळीचा वॉचमन सातला हजर असतो. टॉवरमधल्या हाऊसकीपिंगच्या बाया-पुरुष साहेबांच्या आधी दोन तास येतात. कॅन्टीनचा पाव, दूध, भाजी उजाडायच्या आत पोचते. भारतनगर, बेहरामपाडा, धारावी, कुर्ला इथून येणारी ही माणसं मोजणीवाल्या पोराने खुर्ची मांडायच्या आधीच आत गेलेली असतात.

दुसरी गोम दिशेची. तक्ता दिशेनुसार असतो, 'कलानगरकडून कुर्ल्याकडे' वगैरे. बीकेसीतले दुभाजक लांबलचक आहेत. पलीकडच्या गेटला जायला सायकलवाल्याने पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यावं अशी रचना आहे. तो तसं करत नाही, उलट्या दिशेने कडेकडेने जातो. हे बेकायदा आहे, धोक्याचंही आहे, पण होतं. आणि उलट जाणारी सायकल तक्त्याच्या कोणत्याच ओळीत बसत नाही. मुलगा ती सोडून देतो. तिसरी गोष्ट तुमचीच: सायकलवाला ट्रॅक सोडून डांबरी रस्त्यावरून चालतो. ट्रॅकवर शून्य सायकली, हे म्हणून खरंच असतं. त्यावरून 'बीकेसीत सायकलींची गरज शून्य' असं म्हणणं म्हणजे पूल अर्धवट बांधायचा आणि मग त्यावरून कोणी जात नाही म्हणून पाडायचा.

मग तो ट्रॅकवरून का जात नाही? यासाठी मोठ्या अभ्यासाची गरज नाही. मागच्या कॅरियरवर पाण्याचा जार किंवा पुढे डब्यांचा क्रेट बांधून अशा कोणत्याही ट्रॅकवरून दोन गेटांमधलं अंतर जाऊन बघावं. आपल्याकडचा कडेचा ट्रॅक पेव्हर ब्लॉकचा असतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत खालची वाळू धुपते, ब्लॉक खचतात, कोपरे वर येतात. डांबरावर सरळ जाणारी सायकल इथे खडखडत जाते, डबे सांडतात. मग इमारतीचं गेट येतं. तिथे ट्रॅक उतरतो, गेट संपलं की पुन्हा चढतो. आणि चढ मिळतो तो रॅम्प नव्हे, दोन-तीन इंचांची कर्बची कड असते. भारी सायकल त्यावर चढत नाही, उतरून ढकलावी लागते. गेटवर गाडी बाहेर काढणारा ड्रायव्हर बघतो उजवीकडे, रस्त्याकडे. ट्रॅकवरून येणारा त्याच्या हिशेबातच नसतो. पुढे कुठे गटाराच्या चेंबरचं झाकण, कुठे दिशादर्शक फलकाचा खांब, कुठे टपरीवाल्याची बाकडी. आणि या सगळ्याच्या आधी, रांगेने उभ्या केलेल्या गाड्या.

गाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी खांब लावले जातात. त्यांच्यात किती अंतर ठेवायचं हा साधा वाटणारा प्रश्न आहे. जवळ लावले तर क्रेटवाली सायकल जात नाही. लांब लावले तर मोटारसायकल जाते. डबेवाल्याच्या सायकलची रुंदी हातात टेप घेऊन मोजलेला अभियंता मला क्वचितच भेटला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल ट्रॅकसाठीची संहिता आहे, आयआरसी-11. तिच्यात किमान रुंदी दोन मीटर. ती कागदावर पाळली जाते. पण दोन मीटरांतून खांब, झाकण आणि झाडाचं आळं वजा केलं की उरतं ते हँडलपुरतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौक. सायकलवाल्याला ट्रॅक हवा असतो तो चौकात, जिथे डावीकडे वळणारी बस त्याला कापते. आपले ट्रॅक चौकाच्या पंधरा-वीस मीटर आधीच संपतात आणि त्याला भर रहदारीत सोडून देतात. चौक ओलांडला की पुन्हा सुरू. म्हणजे सरळ, निर्धोक तुकड्यात संरक्षण आणि धोक्याच्या जागी काहीच नाही. पुण्यातही बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकांच्या, कडेने हेच केलं होतं. तिथल्या सायकलवाल्यांचं त्याबद्दलचं मत छापण्याजोगं नाही.

तेव्हा 2011 च्या आसपास बांधलेल्या त्या ट्रॅकची बाजू घेऊन भांडू नका. पहिल्याच फेरीत हराल.

आता कोंडीचं. एमएमआरडीएची भूमिका थोडक्यात अशी: ट्रॅक पडून आहेत, त्यावर गाड्या उभ्या राहतात, तेव्हा ती जागा रस्त्यात घेऊन दोनाच्या तीन मार्गिका केल्या की वाहतूक मोकळी होईल. ऐकायला सरळ आहे. पण शहरी रस्त्याची क्षमता दोन चौकांमधल्या रुंदीवर ठरत नाही, चौकात ठरते. आमच्या धंद्यात सिग्नलचा एक जुना ठोकताळा आहे: थांबारेषेशी रस्ता जितके मीटर रुंद, त्याला 525 ने गुणा, म्हणजे हिरवा दिवा अख्खा तास चालू ठेवला तर किती 'पीसीयू' सुटतील ते येतं. पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजायचं एकक. मोटार एक, सायकल 0.4 ते 0.5, बस 2.2 ते 3.7. सात मीटर रुंदीचा रस्ता दहा मीटर केला तर तीन मीटर वाढले, 1575 पीसीयू वाढले. पण हिरवा दिवा तासभर नसतो. 120 सेकंदांच्या चक्रात आपल्या वाट्याला 40 सेकंद आले असं धरू. मग वाढ होते तासाला 525 मोटारींची.

हा आकडा काही लहान नाही, हे मान्य. पण तो मिळायला तीन अटी आहेत. तिसरी मार्गिका थेट थांबारेषेपर्यंत मोकळी हवी. चौक ओलांडल्यावर पलीकडेही तेवढीच रुंदी हवी. आणि त्यापुढचा चौक आधीच भरलेला नको. यातली पहिली अट बीकेसीत रोज सकाळी मोडते. डावीकडची मार्गिका ही वाहतुकीची नसतेच, ती थांबण्याची असते. ॲपवाली टॅक्सी भाड्याची वाट बघत उभी, साहेबांचा ड्रायव्हर फोनची वाट बघत उभा, रिक्षावाले कुर्ला-कुर्ला करत उभे. ट्रॅकवर गाड्या उभ्या राहतात म्हणून ट्रॅक काढायचा, तर त्याच गाड्या नव्या मार्गिकेत उभ्या राहणार नाहीत असं कोणी समजावं? त्या उभ्या राहतात कारण उचलायला कोणी येत नाही. एमएमआरडीए रस्ता बांधते, दंड आणि टोइंग वाहतूक पोलिसांकडे. दोघांची पत्रं एकमेकांना जातात, गाडी तिथेच असते.

तिसरी अट तर बीकेसीच्या हातात नाहीच. बीकेसीतून बाहेर पडायच्या वाटा मोजक्या: कलानगर, धारावी-सायनची बाजू, कुर्ला, सीएसटी रोडवरून कलिना, आणि नोव्हेंबर 2019 पासून चुनाभट्टीला जोडणारा उड्डाणपूल. संध्याकाळी सात वाजता यातली कोणती वाट मोकळी असते? कलानगरला उड्डाणपूल झाले तरी गाडी शेवटी द्रुतगती मार्गावर जाऊन तिथल्याच रांगेला लागते. आत रस्ता रुंद केला तर रांग लांबीने थोडी कमी आणि रुंदीने थोडी जास्त होते. दोनऐवजी तीन ओळींत तीच माणसं तेवढाच वेळ उभी. मोरी तुंबली असताना मोठी बादली आणण्यातला हा प्रकार आहे.

आणि समजा तिन्ही अटी पाळल्या, 525 मोटारी जास्त गेल्या. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. आपल्या ऑफिसवाल्यांच्या गाड्यांना तेवढाही जास्तच होतो. झाली सुमारे 790 माणसं. तेवढीच माणसं 20 बसमधून जातात, चाळीस-चाळीस धरून. त्या 20 बस पीसीयूत मोजल्या तर अगदी वरचा दर धरूनही 74. म्हणजे 525 मोटारींची जागा बनवायला रस्ता खोदायचा, की 74 मोटारींच्या जागेत तेवढीच माणसं न्यायची, असा हा हिशेब आहे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच लिहून ठेवलंय की प्राधान्य माणसांच्या ये-जा करण्याला, वाहनांच्या नव्हे. पण पीसीयूच्या तक्त्यात माणूस हा रकानाच नसतो. तक्त्यात जे नाही ते सादरीकरणात येत नाही, आणि सादरीकरणात जे नाही ते मंजूर होत नाही.

रस्ते वाढवले की गाड्या वाढतात, हे आता नवं राहिलेलं नाही. अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून द्युरांतॉं आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं होतं की मार्गिकांची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळजवळ तितक्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते. मुंबईत नोंदलेली वाहनं 45 लाखांच्या पुढे गेलीत. त्यांतल्या किती जणांनी 'बीकेसीत गाडी न्यायची नाही रे बाबा' असं ठरवून ट्रेन धरली आहे, याचा अंदाज करा. रस्ता जरा मोकळा दिसला की ते परततील.

आता टोरांटोचा दाखला. सह्यावाल्या मित्रांनी बातमी नीट वाचली असेल तर उत्तम. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा करून टोरांटोतल्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू या मोठ्या रस्त्यांवरच्या सायकल मार्गिका काढायचं ठरवलं. कारण तेच, कोंडी. सायकलवाल्यांची संघटना कोर्टात गेली. 30 जुलै 2025 रोजी तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की हे काढणं राज्यघटनेतल्या जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काचा भंग आहे. सरकारने अपील करायचं जाहीर केलं. यातली बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. 'नागरिकांना सायकल मार्गिकेचा हक्क आहे' असं न्यायाधीशांनी म्हटलेलं नाही. त्यांचा रोख असा होता, की मार्गिका काढल्याने माणसं मरतील-जखमी होतील हे पुराव्यात दिसतंय, आणि कोंडी कमी होईल याचा पुरावा मात्र नाही. मग ज्यासाठी काढताय तेच साधत नसेल तर हा धोका कशासाठी?

तो निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. कायदा वेगळा, आणि रस्ताही वेगळा. टोरांटोच्या त्या मार्गिकांवरून खरोखर सायकली जात होत्या. पण त्यातला प्रश्न उचलण्यासारखा आहे: काढल्याने कोंडी कमी होते याचा पुरावा कुठाय? मोजणी दाखवा. हा प्रश्न इथेही कोणत्याही कार्यालयात उभा राहून विचारता येतो.

मुंबईचा वाद टोरांटोसारखा नाही, याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त टोचतं. तिकडे सायकल मार्गिकेच्या विरोधात मोटारवाले असतात. आपल्याकडे सर्वांत गाजलेला सायकल ट्रॅक पाडायला लावला तो पर्यावरणवाल्यांनी आणि आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यांचंच बरोबर होतं. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने 2021 मध्ये ट्रॅकचं काम काढलं होतं. तळ्यात भराव पडतोय, पाणथळ जागेच्या नियमांत हे बसत नाही, म्हणून याचिका झाल्या. 6 मे 2022 रोजी उच्च न्यायालयाने काम बेकायदा ठरवलं, बांधलेलं काढून जागा पूर्ववत करा म्हणून सांगितलं. पवईच्या मगरी वाचल्या हे चांगलंच झालं. पण त्या ट्रॅकवरून कामाला कोण जाणार होतं? तळ्याभोवती फेरी मारून माणूस जिथून निघाला तिथेच येतो.

त्याआधीचा तानसा जलवाहिन्यांचा प्रकल्पही बघा. मुलुंड ते सायन, 39 किलोमीटर, पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंनी. पाइपलाइनीची सुरक्षा म्हणून उच्च न्यायालयाच्या आदेशाने दोन्हीकडची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायची होती. मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून तिथे सायकल ट्रॅक, अशी 2017 मधली कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण जागा मोकळी करताना तिथल्या कुटुंबांना माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकलं, आणि हवेपायी लोक आजारी पडले म्हणून वेगळीच लढाई सुरू झाली. ज्यांच्या घरात सायकली होत्या त्यांना उठवून ट्रॅक करायचा! 39 किलोमीटरचा सलग ट्रॅक काही झाला नाही.

त्याच 2017 च्या अखेरीस दर रविवारी सकाळी नरिमन पॉइंटचं एनसीपीए ते वरळी अशी तात्पुरती सायकल मार्गिका आखली जायची. मजेदार होती, मुलं यायची. रविवारी सकाळी, आणि अकरानंतर बंद.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. सायकल ट्रॅक आपण तिथे करतो जिथे रिकामी जागा सापडते, सायकली जिथे आहेत तिथे नाही. तळ्याचा काठ, पाइपलाइनची कड, नव्या व्यापारी संकुलातला ऐसपैस रस्ता. आणि जिथे खरोखर सायकली धावतात, मशीद बंदरचा बाजार, धारावीतला नव्वद फुटी रस्ता, अंधेरी-चर्चगेटच्या स्टेशनबाहेर डबेवाल्यांचे अड्डे, तिथे सायकल ही 'अडथळा' म्हणून मोजली जाते. कोलकात्यात तर 2013 मध्ये पोलिसांनी 170 हून अधिक रस्त्यांवर सायकलबंदीच केली होती. आपण तितकं उघड करत नाही. पण सागरी सेतू झाला, सायकलला बंदी. अटल सेतू झाला, बंदी. सागरी किनारा मार्ग झाला, बंदी. वेगवान रस्त्यावर सायकल नको हे सुरक्षेच्या दृष्टीने पटण्याजोगं आहे, पण त्यांच्या शेजारी सायकलला वेगळी वाट देण्याइतकी रुंदी किंवा पैसा नव्हता, हे काही पटत नाही.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तिथे नेदरलँड्ससारखी सायकलची परंपरा नव्हती आणि उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. त्यांनी 2006-07 मध्ये सुमारे 80 किलोमीटरचं जाळं जवळजवळ एका दमात बांधलं, सगळं एकमेकांना जोडलेलं. सायकलचा वाटा एक टक्क्याच्याही खालून सहा-सात टक्क्यांवर गेला. सुटे तुकडे बांधून हे झालं नसतं. बीकेसीचा ट्रॅक कुर्ला स्टेशनला पोचत नव्हता, वांद्रे स्टेशनला पोचत नव्हता, धारावीलाही नाही. ज्या बेटावर कोणी राहत नाही, त्या बेटावरच सायकल चालवायची सोय होती.

मग त्या पट्टीचं काय करावं? माझा पहिला दावेदार सायकल नाही, पायी चालणारा आहे. मुंबईतल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रो-3 बीकेसीत आल्यापासून तिथे संध्याकाळी माणसांचे लोंढे असतात. फूटपाथ भरून वाहतो, लोक रस्त्यावर उतरतात. जिथे हे होतं तिथे पट्टी फूटपाथला द्या. दुसरा दावेदार बस. दोन स्टेशनांना जोडणाऱ्या मुख्य रस्त्यावर पट्टी आणि त्याला लागून असलेली डावी मार्गिका मिळून बसची सलग वाट होते, थांबे त्याच्या कडेला. टॅक्सी-रिक्षांना चढ-उतार करायला आखलेल्या मोजक्या जागा द्या, आणि बाकी ठिकाणी उभं राहिल्यास गाडी उचला. जागा न देता नुसती उचलायला गेलात तर दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं.

सायकलसाठी अख्ख्या बीकेसीत जाळं मागू नका. एकच मार्ग मागा: कुर्ला पश्चिम स्टेशन ते वांद्रे पूर्व, बीकेसीच्या पोटातून, आणि त्याला धारावीच्या बाजूचा एक फाटा. डांबराचा, पेव्हर ब्लॉकचा नव्हे. गेटपाशी ट्रॅक सपाट राहील आणि गाडीने चढून-उतरून जायचं, उलट नाही. चौकात ट्रॅक संपायचा नाही, थांबारेषेच्या पुढे सायकलला उभं राहायला जागा, आणि मोटारींच्या तीन-चार सेकंद आधी हिरवा दिवा. डाव्या वळणाची त्रिज्या लहान, म्हणजे बसला सावकाश वळावंच लागेल. दोन्ही स्टेशनांबाहेर छप्पर असलेला, रात्रभर माणूस असलेला सायकल स्टँड. कुलूप तोडून सायकल जाते, म्हणूनही कित्येकजण ती घरीच ठेवतात. वॉचमनला दोन-चार हजारांची सायकल गेली तर पगाराचा मोठा तुकडा जातो.

याला पैसा किती, हे मी इथे सांगत नाही, आराखड्याशिवाय सांगितलेला आकडा थाप असते. पण नवी मार्गिका करायला जे खोदकाम, गटार आणि चेंबर हलवणं आहे, त्यातलं बरंचसं यालाही लागतं, आणि रस्ता दोनदा खोदण्यापेक्षा एकदा खोदलेला बरा.

आता तुमच्या सहीबद्दल. अर्जात 'ट्रॅक पूर्ववत करा' एवढंच असेल तर सही करू नका, ती ओळ बदलायला सांगा. मागणी अशी असावी की मोटारींसाठी मार्गिका कायम करण्याआधी एखाद्या रस्त्यावर तीन-चार आठवडे बॅरिकेड लावून हाच बदल तात्पुरता करून बघा. आधी आणि नंतर चौकाचौकांत माणसं मोजा, गाड्या नव्हे. सकाळी सहापासून मोजा. उलट दिशेच्या सायकलींना वेगळा रकाना ठेवा. ती तिसरी मार्गिका दिवसातले किती तास गाड्या उभ्या करण्यात गेली तेही नोंदवा. हे प्रयोग स्वस्तात होतात. ड्रम, दोरी आणि चार ट्रॅफिक वॉर्डन लागतात.

त्याआधी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा. निर्णयाला आधार म्हणून केलेल्या वाहनमोजणीचे 15-15 मिनिटांचे मूळ तक्ते, नुसता गोषवारा नको, गोषवाऱ्यात सायकल 'इतर'मध्ये गडप होते. प्रत्येक चौकाचा रुंदीकरणानंतरचा नकाशा सिग्नलच्या वेळांसकट, म्हणजे चौकापलीकडे तिसरी मार्गिका आहे की नाही ते दिसेल. आणि नव्या मार्गिकेत उभ्या राहणाऱ्या गाड्या उचलायची जबाबदारी कोणाची, याबद्दल वाहतूक पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार. तिसरा कागद मिळायला उशीर होईल. पहिला मिळाला तर तो आधी वेळेच्या रकान्यापासून वाचा.

आणि सह्या ऑफिसातच गोळा करत बसू नका. तिथे सही करणाऱ्यांतले बहुतेक सायकलवरून येत नसतील, गाडीतूनच येत असतील. त्यांच्या सह्या जरूर घ्या, पण त्यांच्या वर डबेवाल्यांच्या, कॅन्टीनच्या पोरांच्या, हाऊसकीपिंगवाल्यांच्या आणि तुमच्याच इमारतीच्या वॉचमनच्या सह्या हव्यात. कोण कुठून येतं, किती वाजता, आणि सायकल कुठे लावतं, एवढं सहीच्या शेजारी लिहून घ्या. पाळी बदलायच्या वेळी, सकाळी पावणेसातला मागच्या गेटवर उभे राहिलात तर सगळे एकदम भेटतील.